पटाच्या कोपऱ्यातली नाव

बुद्धिबळाच्या पटावर चारही कोपऱ्यांत आपण हत्ती ठेवतो. बंगाली माणूस तिथे नाव ठेवतो. हत्ती त्याच्याकडेही आहे, पण तो आपल्या उंटाच्या घरात उभा असतो. उंट त्याच्या पटावर नाहीच.

सांगलीत बुद्धिबळ घरोघरचे आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने इथे खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या, भाग्यश्री साठे-ठिपसे इथूनच पुढे गेल्या. बाहेरगावचे खेळाडू स्पर्धांसाठी येतात आणि डाव संपल्यावर जिंकणारा-हरणारा दोघे तोच डाव पुन्हा मांडून बसतात. अशाच एका बैठकीत कोलकात्याचा एक खेळाडू माझ्या हत्तीवर बोट ठेवून म्हणाला, ही नौका आधीच मधल्या पट्टीत आणायला हवी होती. त्याला ते फार साधे वाटत होते. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण माझा दुसरा नाद आरमारी लढायांचा आहे. सांगली आणि साताऱ्याची आम्ही काही मंडळी लाकडाच्या छोट्या गुराबा आणि गलबते अशी जुनी लढाऊ जहाजे करून जुन्या सागरी लढाया टेबलावर खेळतो. हा खेळ युरोपातून आला असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आणि इथे एक जहाज हिंदुस्थानी पटाच्या कोपऱ्यात शतकानुशतके नांगर टाकून उभे होते.

टेबलावरच्या या युद्धखेळाची युरोपीय कुळी सांगायला फार वेळ लागत नाही. हिंदुस्थानातून बुद्धिबळ इराणात गेले, तिथून अरबांकडे, अरबांकडून युरोपात. 1664 मध्ये उल्म शहरात वाइकमानने पट मोठा करून सोंगट्या वाढवल्या. 1780 मध्ये ब्रुन्सविकच्या हेल्विगने दीड हजारांहून अधिक घरांचा पट केला आणि घरांना जमिनीप्रमाणे रंग दिले. प्रशियाच्या राइसविट्झ बापलेकांनी घरे पुसून टाकली, नकाशा आणला, फासे आणले, आणि 1824 पासून तो खेळ सैन्याचा अभ्यास झाला. समुद्रावर तो नेला फ्रेड जेनने. 1898 मध्ये त्याने आरमारी खेळाचे नियम छापले, आणि खेळणाऱ्यांना जगातल्या जहाजांची माहिती हाताशी हवी म्हणून त्याच वर्षी जहाजांचे एक पुस्तक काढले. त्याचीच पुढे जगभरच्या नौदलांनी वापरलेली वार्षिके झाली. न्यू यॉर्कचा फ्लेचर प्रॅट दिवाणखान्याच्या फरशीवर जहाजे मांडून अंतर नजरेने मोजायला लावत असे. ही वाट सगळ्यांना माहीत आहे, मला तिच्यात थांबायचे नाही.

थांबायचे आहे ते 1790 या वर्षापाशी.

त्या वर्षी दोन गोष्टी छापून निघाल्या. एडिंबरोजवळच्या एल्डिनचा जॉन क्लार्क हा कधीही आरमारात न गेलेला गृहस्थ. त्याने टेबलावर छोटी जहाजे सरकवत सागरी लढाईचे एक शास्त्रच बसवले होते. 1782 मध्ये मित्रांपुरते छापलेले त्याचे पुस्तक 1790 मध्ये बाजारात आले. शत्रूच्या रांगेला समांतर न जाता ती मधेच फोडावी, हे त्याचे सांगणे. टेबलावरच्या आरमारी खेळाचा मूळ पुरुष म्हणून त्याचेच नाव घेतात. त्याच वर्षी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात विल्यम जोन्सचा हिंदुस्थानी बुद्धिबळावरचा निबंध आला. राधाकांत नावाच्या पंडिताने त्याला भविष्यपुराणातला म्हणून एक उतारा दिला होता. त्यात व्यास युधिष्ठिराला चौघांचा खेळ शिकवतात. त्या पटावर राजा, हत्ती, घोडा, प्यादी आहेत आणि नौका आहे. जोन्सला ती नौका मुळीच पटली नाही. घोडे, हत्ती, पायदळ मैदानात लढत असताना त्यांच्यात जहाज कसे असेल, असे त्याचे म्हणणे. तेव्हा नाव ही चूक, मूळ शब्द रथ. बंगालीत रथचा उच्चार रोथ होतो, त्यातूनच कोपऱ्यातल्या सोंगटीसाठीचा इराणी शब्द रुख निघाला असावा, आणि नाव मागाहून कुणीतरी घुसडली, असा त्याने निकाल लावला. पृथ्वीच्या एका टोकाला एक जण टेबलावर जहाजे मांडून कीर्ती मिळवत होता आणि दुसऱ्या टोकाला एक महापंडित पटावरचे जहाज पुसून टाकत होता.

तो उतारा आज आपल्याला रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्वा’त सापडतो. रघुनंदन सोळाव्या शतकातला नवद्वीपचा स्मार्त पंडित. तिथींच्या ग्रंथात खेळ कशाला, याचे उत्तर मराठी वाचकाला लगेच कळेल: आश्विनी पौर्णिमेला, कोजागरीला, रात्र जागवायची असते आणि ती फाशांनी जागवावी असे शास्त्र आहे. आपण दूध आटवतो आणि पत्ते पिसतो. रघुनंदनाचे बंगाली चतुरंग मांडून बसत. चार खेळाडू, चार रंग, समोरासमोरचे दोघे एका पक्षाचे. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात नाव, तिच्या शेजारी घोडा, मग हत्ती, मग राजा. पुढे चार प्यादी. फाशावर पाच पडले तर राजा किंवा प्यादे हलते, चार पडले तर हत्ती, तीन पडले तर घोडा, दोन पडले तर नाव. हत्ती आजच्यासारखा सरळ जातो. नाव तिरकी जाते, मधले घर ओलांडून दुसऱ्या घरात उतरते.

पट घेऊन ही चाल करून पाहावी, म्हणजे एक मजेची गोष्ट हाती लागते. कोपऱ्यातून निघालेली नाव दर वेळी दोन घरे तिरकी उडते, म्हणजे उभ्याने दोन आणि आडव्याने दोन. त्यामुळे चार कोपऱ्यांतल्या चार नावांची घरे कायमची वेगळी राहतात. एक नाव ज्या घरात उतरू शकते त्या घरात दुसरी कधीच उतरत नाही. कितीही वेळ खेळा, नाव नावेला मारू शकत नाही. पटावरची दुसरी सगळी दले आपल्यासारख्याच दलाशी भिडतात: घोडा घोड्याला मारतो, हत्ती हत्तीला. फक्त चार नावांचा एकमेकींशी झगडा अशक्य आहे.

आणि म्हणूनच त्या उताऱ्यात बृहन्नौका नावाचा एक वेगळा नियम आहे. तीन नावा एकमेकींना लागून आल्या आणि चौथीने येऊन चार घरांचा चौकोन पुरा केला, तर ती चौथी बाकीच्या नावांना जिंकते. पटावर दोन बाय दोनचे पाचच चौकोन असे आहेत, ज्यांत चारही नावांच्या वाट्याचे बरोबर एकेक घर येते. ज्याने हा नियम केला त्याला पटाचे हे गणित पक्के ठाऊक होते. आरमाराची लढाई आरमारापुरती, तिचा निर्णय रचनेवर, आणि त्यासाठी स्वतंत्र नियम: जगातल्या कुठल्याही पटावर याहून जुना आरमारी नियम मी पाहिलेला नाही. क्लार्कच्या टेबलाआधी किमान दोनशे वर्षे तो लिहून ठेवलेला आहे.

आता नाव पटावर आली कशी? पहिले मत जोन्सचे, ते सांगितले. दुसरे मत कॅप्टन हायरम कॉक्सने मांडले, ज्याच्या नावाने कॉक्स बाजार वसले आहे, आणि डंकन फोर्ब्जने 1860 मध्ये ते मोठ्या पुस्तकात फुलवले. त्यांच्या मते चौघांचा फाशांचा खेळ हाच सर्वांत जुना, हजारो वर्षांपूर्वीचा, आणि नाव त्यात पहिल्यापासून आहे. गंगेच्या मुलखात पावसाळ्यात रणभूमी पाण्याखाली जाते, म्हणून सेनेत नाव हवीच, असा त्यांचा आधार. फोर्ब्जने आणखी एक पाऊल टाकले. संस्कृत कोशांत रोक असा शब्द आहे, त्याचा एक अर्थ नाव असा देतात. रुख त्यातूनच आला, म्हणजे इराण्यांचा रुख ही मुळात आमची नावच, असे तो म्हणतो.

हे मत खरे ठरावे असे मला मनापासून वाटत होते. पण कृष्णाकाठच्या माणसाला ते मान्य करता येत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले, धोक्याची पातळी 45 फुटांची. सांगलीच्या पेठांतून होड्या फिरल्या. ज्यांनी तो पूर पाहिला आहे त्यांना विचारा, त्या पाण्यात घोडदळ उतरवाल का? होडी चालते तिथे घोडा चालत नाही. हिंदुस्थानातले राजे सहसा भर पुरात मोहीम काढत नसत. सीमोल्लंघन दसऱ्याला होते ते याचसाठी. रोक शब्दाचेही तसेच. तो कोशात आहे, पण इराणी रुख पटावर सरळ चालतो आणि बंगाली नाव तिरकी उडते. शिवाय 1030 च्या सुमारास अल्बेरूनीने वायव्य हिंदुस्थानातला चौघांचा खेळ पाहून लिहून ठेवला आहे. फासे तेच, पण नावेच्या जागी रुख. नाव सगळीकडे पहिल्यापासून असती तर अल्बेरूनीला दिसली असती.

तिसरे मत एच. जे. आर. मरेचे. 1913 मध्ये त्याने बुद्धिबळाचा जो इतिहास लिहिला तो अजूनही प्रमाण मानला जातो. त्याने कॉक्स-फोर्ब्जचा डोलारा पार उतरवला: दोघांचा खेळ आधीचा, चौघांचा मागाहूनचा, आणि नाव ही त्याहून मागाहूनची, बंगालची. इथवर मी मरेच्या बाजूचा आहे. पण नाव बंगालमध्येच का आली, याला त्याच्याकडे नद्यांचा मुलूख एवढेच उत्तर आहे. नद्या काशीलाही आहेत, प्रयागलाही आहेत.

माझे उत्तर एका ताम्रपटात आहे. बंगालच्या मालदा जिल्ह्यात खलिमपूरला पालवंशी राजा धर्मपाल याचा ताम्रपट सापडला, काळ इसवी सन 800 च्या आसपासचा. दानपत्रात राजाच्या छावणीचे वर्णन असते. छावणी पाटलीपुत्रला, भागीरथीच्या काठी. वर्णनात पहिल्याने येतात नावांचे ताफे: इतके दाट की त्यांचा सेतू बांधला गेला आहे आणि तो डोंगरांच्या रांगेसारखा वाटतो. मग हत्ती, ज्यांच्या काळ्या कळपांनी दिवस अंधारला आहे. मग उत्तरेच्या राजांनी नजर केलेले घोडे, ज्यांच्या टापांनी धूळ उडते आहे. शेवटी पायदळ, ज्याच्या भाराने जमीन वाकते आहे. हे वर्णन पालांच्या कचेरीत ठरून गेले होते. देवपालाच्या मुंगेरच्या ताम्रपटातही ते तसेच आहे.

नाव, हत्ती, घोडा, पायदळ. रथ नाही. चतुरंग सेनेची चार अंगे पालांच्या कचेरीने मोजली ती अशी, आणि रघुनंदनाच्या पटावर राजाभोवती जी चार दले उभी आहेत ती हीच. पहिल्यांदा हे दोन मजकूर शेजारी ठेवले तेव्हा मी टेबलावरची सगळी जहाजे बाजूला सारून दिवसभर तेवढेच पाहत बसलो.

रथ लढाईतून केव्हाच गेला होता. बहुतेक प्रांतांनी पटावर त्याची जागा जुन्याच नावाने ठेवली किंवा दुसऱ्या जनावराला दिली. बंगालने ती जागा ज्या दलाने खरोखर भरली होती त्यालाच दिली. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात वंग लोक नावांच्या बळावर लढणारे म्हणूनच येतात, कालिदासालाही त्यांची ओळख तीच. तेव्हा जोन्सला जी चूक दिसली ती चूक नव्हती. ती त्या देशाच्या फौजेची नेमकी हजेरी होती. धर्मपाल आणि रघुनंदन यांच्यात सातशे वर्षांचे अंतर आहे हे मी जाणतो. पण दानपत्रांचे कारकून आणि खेळाचे नियम बांधणारे पंडित एकाच तऱ्हेच्या पाठशाळांतून तयार होत असावेत. एकदा ठरलेली चार अंगांची यादी तिथे सातशे वर्षे टिकली, यात मला काहीच अवघड दिसत नाही.

याहून पुढची माझी कल्पना अशी. बृहन्नौका म्हणजे मोठी नाव. चार नावा एकमेकींना लागून चौकोन झाला की ती होते. नावा कडेला कडा लावून बांधल्या की पूल होतो, आणि खलिमपूरच्या वर्णनात नावांच्या ताफ्याचे पहिले काम सेतू बांधण्याचेच आहे. पूल ज्याने पुरा केला त्याच्या ताब्यात नदी. चौथी नाव बाकीच्यांना जिंकते ती याच न्यायाने. मरेच्या बाजूने कुणी म्हणेल की हा नुसता पटाच्या गणिताचा उपाय आहे, नावा भिडत नाहीत म्हणून काढलेला. मान्य, पण उपाय शंभर निघाले असते. नावेची चाल बदलता आली असती, ते सर्वांत सोपे होते. त्यांनी नावा एकत्र बांधायचे ठरवले, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर बांधलेल्या नावा होत्या.

नाव बंगालमध्येच राहिली नाही. सयामच्या बुद्धिबळात कोपऱ्यातल्या सोंगटीला रुआ म्हणतात, अर्थ होडी. कंबोडियात तिला तूक म्हणतात, तोच अर्थ. रशियात ती लाद्या, म्हणजे होडीच, आणि आर्मेनियात नावाक. रशियन पटावर उंटाच्या घरात हत्ती उभा असतो, हुबेहूब बंगालसारखा. याचा खुलासा करणारे एक आकाराचे मत आहे: अरबांच्या जुन्या सोंगट्यांत रुखाचा माथा दोन शिंगांचा, मध्ये खाच असलेला असे, तो बाजूने होडीच्या नाळेसारखा दिसतो, म्हणून लोकांनी त्याला होडी म्हटले. रशिया आणि आर्मेनियापुरते हे मी मानतो. सयामला ते लागू पडत नाही. तिथली रुआ बसकी, गोल, चपटी असते. तिच्यात होडीचे काहीच नाही. तिथे आकार गेला नाही, नाव गेली, आणि ती बंगालच्या उपसागरातून गेली. ताम्रलिप्तीहून निघणाऱ्या खलाशांनी पट बरोबर नेला असणार, आणि खलाशी पटावर रथ कशाला ठेवतील?

आता आपल्याकडे या. आपल्या कोपऱ्यात नाव का नाही? सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाची रीत लिहिली. त्याचे घराणे मूळ पैठणचे, काशीत स्थायिक झालेले. 1674 मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. नीलकंठाच्या पटावर कोपऱ्यात हत्ती आहे, मग घोडा, मग उंट, म्हणजे आज सांगलीत मांडतात तसाच पट. हा माणूस गंगेच्या घाटावर राहत होता, रोज नावा पाहत होता, पण त्याने नाव पटावर घेतली नाही. त्याने घरचा पट लिहिला, आणि दख्खनच्या फौजेत सामान वाहणारे उंट होते.

आपल्याला आरमार मिळाले ते उशिरा, पट पक्का झाल्यावर. शिवरायांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि जहाजे बांधायला काढली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराची गणना राज्याच्या वेगळ्या अंगांत होते, म्हणजे पालांच्या कारकुनाने केली तशीच. 1714 मध्ये बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्रे यांना शाहूंच्या पक्षाला वळवले आणि साताऱ्याच्या गादीला समुद्र मिळाला. साताऱ्याहून समुद्र दिसत नाही, सांगलीहून तर नाहीच, तरी त्या गादीच्या फौजेला ते अंग होते. पट मात्र बदलला नाही.

आम्ही तो बदलायचा ठरवला. खांदेरीची लढाई आमच्या टेबलावरची आवडती. 1679 च्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारींनी बेटावर तट चढवायला घेतला, मुंबईकर इंग्रजांनी वेढा घातला, आणि 18 ऑक्टोबरला दौलतखानाची गलबते इंग्रजांच्या ताफ्यावर चालून गेली. ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली, ‘रिव्हेंज’ने बाकीच्यांना थोपवले, पण बेट मराठ्यांकडेच राहिले. गलबत उथळ पाण्यात चालते, वल्ह्यांनी चालते, वारा पडला तरी चालते, आणि पडलेल्या वाऱ्यात गुराबेला दोर लावून ओढते. युरोपातून आलेल्या नियमांत ही गोष्ट नीट बसत नाही, कारण ते नियम वाऱ्याच्या बाजूवर आणि तोफांच्या रांगांवर रचलेले. दिवाळीत किल्ल्यांभोवती निळा रंग देऊन समुद्र करणारी साताऱ्याची मुलेसुद्धा गलबत किल्ल्याच्या पोटाशी ठेवतात, इतके ते आपल्याला सहज कळते.

म्हणून आम्ही ‘आज्ञापत्रा’तला सुभा घेतला, पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा, आणि त्यावर बृहन्नौकेचा नियम बसवला: तीन गलबतांनी शत्रूच्या जहाजाला तीन बाजूंनी लागून घेतले आणि चौथ्याने चौकोन पुरा केला की ते जहाज तोफ न डागता पडते. आमच्यातले साताऱ्याचे एक काका, वयाने सगळ्यांत वडील, याच्या ठाम विरोधात आहेत. “अहो, अमात्यांनी काय लिहिलंय ते वाचा,” ते म्हणतात, “शत्रूला लगट करू नका, दुरून तोफेच्या टप्प्यात धरा, त्याचाच माणूस आपल्या जहाजावर बोलावून घ्या. आणि तुम्ही चार गलबतं नेऊन त्याला चिकटवताय!”

मी त्यांना ‘आज्ञापत्रा’तलाच भेद दाखवतो. ती सावधगिरी शत्रू शरण येण्याचे निशाण दाखवतो तेव्हाची आहे, कारण त्यात दगा असू शकतो. वारा पडलेला असताना, शत्रूची शिडे लोंबत असताना आणि आपली वल्ही शाबूत असताना गलबताने मागून येऊन भिडावे, हीच तर आंग्र्यांच्या माणसांची रीत होती. काकांनी निम्मे ऐकले. सध्याच्या नियमात बृहन्नौका फक्त वारा पडलेल्या खेपेलाच लागू आहे, आणि वारा पडला की नाही हे फासा ठरवतो: दोन पडले तर पडला, कारण रघुनंदनाच्या फाशावर नावेचा आकडा दोनच आहे.